चंदनाचे आणि बांडगुळाचे घराणे

मराठी भाषेत एखाद्याचा गौरव करावयाचा झाल्यास तो चंदनासारखा झिजला असे म्हणण्याचा प्रघात आहे. आणि एखाद्याची निर्भर्त्सना करावयाची झाल्यास त्याला समाजवृक्षावरील बांडगूळ म्हणण्यात येते. शोकसभेत पहिली उपमा आली नाही आणि निवडणुकीच्या सभेत दुसरी ऐकू आली नाही, असे सहसा घडत नाही. चंदन म्हणजे त्याग आणि बांडगूळ म्हणजे ऐतखाऊपणा, हे समीकरण इतके पक्के होऊन बसले आहे की, त्याची शहानिशा करण्याची आवश्यकता कुणास वाटली नाही. वनस्पतिशास्त्राने मात्र ती केली आहे, आणि तिचा निर्णय आपल्या वक्त्यांना जरा अडचणीत टाकणारा आहे. चंदन व बांडगूळ ही एकाच गणातील झाडे होत. एवढेच नव्हे, तर त्या गणाला शास्त्रीय नाव मिळाले आहे तेच मुळी चंदनावरून. दोघांचा पिढीजात धंदाही एकच: दुसऱ्या झाडाच्या अंगातून पाणी व क्षार ओढून घ्यावयाचे आणि त्यावर आपला संसार थाटावयाचा. भेद एवढाच की, बांडगूळ हा उद्योग फांदीवर बसून, सर्वांच्या देखत करते. चंदन तो मातीखाली करते. चव्हाट्यावर जे घडते त्याची बदनामी होते आणि पडद्याआड जे घडते ते खपून जाते, हा अनुभव काही केवळ वनस्पतींपुरता नाही.

बीदरहून उत्तरेकडे औरादच्या वाटेला लागले म्हणजे जनवाडा लागतो. बीदरचे पठार तांबड्या जांभ्याचे. मांजरेच्या खोऱ्यात उतरावे तशी जमीन काळी होत जाते. कानडी, मराठी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू अशा चार भाषा या टापूत एकाच बाजारात ऐकू येतात. 1956 पूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात व नंतर त्या राज्यात होता; भाषावार प्रांतरचनेत बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे आले, आणि भालकी, औराद व बसवकल्याणची मराठी वस्ती त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिली. भाषांच्या हद्दी अशा बदलल्या, तरी झाडांच्या नावांनी त्या फारशा मानलेल्या नाहीत. ज्याला मराठी शेतकरी बांडगूळ म्हणतो त्याला कानडी शेतकरी बदनिके म्हणतो आणि तेलंगणातला बदनिका. संस्कृत कोशकारांनी त्याला वृक्षादनी, म्हणजे झाड खाणारी, असे नाव देऊन ठेवले आहे, आणि ते अगदी नेमके आहे.

अशा परोपजीवी सपुष्प वनस्पतींच्या सुमारे साडेचार हजार जाती जगात आहेत. फुले येणाऱ्या वनस्पतींच्या शंभर जातींत एक, असे हे प्रमाण पडते. ही वृत्ती एकाच पूर्वजापासून सर्वांकडे आलेली नाही. वेगवेगळ्या कुळांत, वेगवेगळ्या काळी, सुमारे बारा वेळा ती स्वतंत्रपणे उत्पन्न झाली, असे आता मानले जाते. यांतल्या काहींनी हिरवा रंगच टाकून दिला आहे. सुमात्रा बेटात 1818 साली रॅफल्स व आर्नल्ड यांच्या मंडळींना आढळलेले रॅफ्लेशियाचे फूल हातभर रुंद असते, पण त्या झाडाला ना पान, ना खोड, ना स्वतःचे मूळ; सगळा देह दुसऱ्या वेलीच्या आत तंतूंसारखा पसरलेला. आपल्याकडे निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या मुळांतून उगवणारा बंबाखू हाही याच पंथाचा. याउलट चंदन, बांडगूळ व जोंधळ्यातला टारफुला यांना हिरवी पाने असतात. उन्हात आपली साखर ती आपण तयार करू शकतात. त्यांना मुख्यतः हवे असते ते पाणी व त्यात विरघळलेले क्षार. त्यांना अर्धे परोपजीवी म्हणणे शास्त्राला धरून आहे.

चंदनाचे हे गुपित फार काळ कुणाला ठाऊक नव्हते. ज्या झाडाचे खोड देवळात, राजवाड्यात आणि सरणावर हजारो वर्षे वापरले गेले, त्याची मुळे उकरून पाहण्याचे काम 1871 साली कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात जॉन स्कॉट याने केले. चंदनाच्या बारीक मुळांना जागोजाग लहान गाठी असतात, आणि प्रत्येक गाठ शेजारच्या झाडाच्या मुळाला घट्ट चिकटलेली असते, असे त्याला दिसून आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बर यांनी या गाठींचे पातळ काप करून त्यांची अंतर्रचना तपशीलवार मांडली. गाठीचा पसरट भाग आश्रयवृक्षाच्या मुळाला मिठी मारतो आणि त्याच्या मधून निघालेली पाचर साल भेदून आतील जलवाहिन्यांपर्यंत जाऊन पोचते. एकदा तेथे जोड बसला की, दोन झाडांची नळयोजना एक होते. बीदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील करेझ आहे. जमिनीखालून खोदलेला बोगदा दूरचे पाणी वाहून आणतो आणि वरून चालणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. चंदनाचा कारभार थेट तसाच समजावा.

चंदनाला आश्रयवृक्ष निवडण्याची फारशी चिकित्सा नसते. तीनशेहून अधिक जातींच्या झाडांवर, झुडपांवर व गवतांवर त्याची मुळे लागलेली आढळली आहेत. पण सगळ्यांवर ते सारखे पोसत नाही. ज्यांच्या मुळांत हवेतील नत्र बांधला जातो अशा शेंगवर्गीय झाडांच्या सोबतीत ते विशेष फोफावते. रोपवाटिकेत म्हणूनच एक गमतीची पद्धत रूढ झाली आहे. चंदनाचे बी रुजल्यावर पहिले काही आठवडे रोपटे बियातील शिदोरीवर जगते. ती संपत आली की त्याच पिशवीत शेजारी दुसरे रोप लावून देतात. हे दुसरे रोप पुष्कळदा तुरीचे असते. गुलबर्ग्याची, म्हणजे 2014 पासून ज्याला कलबुर्गी म्हणतात त्या जिल्ह्याची, तूर सर्व दख्खनात नावाजलेली आहे. तिला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वरणाच्या पातेल्यातून घरोघर पोचलेल्या या तुरीकडे चंदनाच्या दाईचे काम आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. दाईचा पाला चंदनावर सावली धरू लागला की तो खुडावा लागतो, नाहीतर दाईच बाळाला झाकून टाकावयाची.

तूर दोन-चार वर्षांची सोबतीण. चंदनाला पुढे पंचवीस-तीस वर्षे उभे राहावयाचे असते. त्याकरिता करंज, सुरू किंवा बाभळीच्या जातीचे एखादे दीर्घायुषी झाड, दोघांच्या मुळांची गाठ पडेल इतक्या अंतरावर लावावे लागते. नेमक्या याच ठिकाणी पुष्कळांची फसगत होते, आणि ती पैशाच्या दृष्टीने लहान नसते. टिपू सुलतानाने 1792 साली चंदन हा राजवृक्ष ठरविल्यापासून कर्नाटकाच्या दक्षिण भागात हे झाड कुणाच्याही शेतात उगवले तरी सरकारचे, असा दंडक पडला होता. ब्रिटिश अमदानीत व नंतरही तो पुष्कळसा चालू राहिला. आपल्या बांधावर चंदन उगवले तर त्याची राखण आपण करावयाची, चोरी झाल्यास जाब आपण द्यावयाचा आणि लाकूड मात्र सरकारजमा, अशा व्यवस्थेत रोप दिसताच ते उपटून टाकण्याकडेच शेतकऱ्याचा कल झाला तर नवल नाही. एखाद्या झाडाचा राजसन्मान त्याच्या मुळावर येतो तो असा. 2001 साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून शेतातील चंदनावर शेतमालकाचा हक्क मान्य केला, आणि तेव्हापासून कर्नाटकात व महाराष्ट्रात खाजगी लागवडीला जोर आला. कोट्यवधीच्या उत्पन्नाची स्वप्ने दाखवून रोपे विकणारेही त्यामागोमाग आले.

या स्वप्नांत दोन गोष्टी सांगावयाच्या राहून जातात. पहिली ही की, सोबतीचे झाड नसलेले चंदन मरते तरी किंवा पिवळे पडून खुरटते तरी. शेत स्वच्छ ठेवण्याच्या नादात, निरुपयोगी म्हणून मधली झुडपे काढून टाकणारा मेहनती शेतकरी आपल्या चंदनाचे अन्नच तोडीत असतो. दुसरी ही की, सुगंध असतो तो गाभ्याच्या लाकडाला. बाहेरचे पांढरे लाकूड निर्गंध असते. गाभा धरू लागावयासच दहा-पंधरा वर्षे जावी लागतात, आणि तेलाने भरलेला जाड गाभा व्हावयास त्याच्या दुप्पट काळ. मुळांतही तेल असल्याने चंदन तोडीत नाहीत, मुळासकट उपटतात. चोरही तेच करतो, आणि त्याला पंचवीस वर्षे थांबावे लागत नाही. म्हैसूर संस्थानात 1916 साली चंदनतेलाचा सरकारी कारखाना निघाला, तो पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीकडे जाणारे लाकूड अडकून पडले म्हणून. त्या काळी रानात चंदन विपुल होते. पुढील शतकात ते इतके विरळ झाले की, जागतिक निसर्गसंरक्षण संघाने चंदनाची गणना संकटप्रवण जातींत केली आहे. तोड, चोरी, वणवे, आणि 1899 मध्ये कोडगूत प्रथम नोंदला गेलेला, पाने बारीक करून झाड सुकविणारा रोग, या सर्वांचा त्यात वाटा आहे.

आता बांडगुळाकडे वळावयास हरकत नाही. आंबा, कडुनिंब, शिरीष, पेरू, चिकू, असे कोणतेही झाड त्याला वर्ज्य नाही. उन्हाळ्यात एखादा वठत चाललेला आंबा दुरून पाहिला तर त्याच्या डहाळ्यांत मधूनच दाट हिरवे झुबके दिसतात. ती आंब्याची पालवी नव्हे. आश्रयवृक्षाने दुपारच्या उन्हात पाणी वाचविण्यासाठी आपल्या पानांची सूक्ष्म द्वारे मिटून घेतली तरी बांडगूळ ती पुष्कळदा उघडीच ठेवते. बाष्पीभवन चालू, म्हणून ओढही चालू. विहिरीला पाणी कमी असताना शेजाऱ्याची मोट चालूच राहावी तसे हे. फांदीच्या जोडापुढचा भाग हळूहळू वाळत जातो.

हे झुबके एका झाडावरून दुसऱ्यावर जातात कसे, याचे उत्तर ज्यांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले त्यांत डॉ. सलीम अली अग्रभागी आहेत. 1931 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी कोकणातील निरीक्षणांवर आधारलेला एक लेख प्रसिद्ध केला. बांडगुळाची नळीसारखी नारिंगी फुले, त्यांतला मध पिणारे शिंजीर पक्षी, आणि फळे खाणारा अंगठ्याएवढा फुलटोच्या, यांचे परस्परांशी असलेले नाते त्यात उलगडले आहे. बांडगुळाची कळी पक्व झाली तरी आपली आपण सहसा उमलत नाही. पक्ष्याच्या चोचीचा नेमका दाब पडला की ती फटकन उघडते आणि परागकण त्याच्या अंगावर उडतात. पुढे फळ धरते. त्या फळातील गर विलक्षण चिकट असतो. फुलटोच्याने ते गिळले की थोड्याच वेळात बी बाहेर पडते, पण ते त्याच्या अंगाला चिकटून राहते. मग तो बिचारा फांदीवर आडवा होऊन, अंग घासून, ते पुसून काढतो. पेरणी झाली! डिंकासारख्या त्या चिकटपणामुळे बी सालीवर बसते आणि पावसाची वाट न पाहता रुजू लागते. नांगर नाही, माती नाही, पाणी नाही; केवळ एका पक्ष्याच्या अडचणीवर उभी राहिलेली अशी शेती दुसरी दाखविता येणार नाही.

फुलटोच्याला बांडगूळ हवे, बांडगुळाला फुलटोच्या हवा, आणि या व्यवहारात आंब्याला कुणी विचारीत नाही. तथापि बांडगुळाचा पाहुणचार एवढ्यावर संपत नाही. हळदीकुंकू नावाचे पांढरे, पिवळे व तांबडे ठिपके ल्यालेले देखणे फुलपाखरू महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. त्याच्या अळ्या बांडगुळाच्याच पानांवर वाढतात. बांडगुळावर बसणारे दुसऱ्या जातीचे बांडगूळही सह्याद्रीत आढळते, तेव्हा ऐतखाऊकडे ऐतखाऊ उतरावा हेही निसर्गाला मान्य दिसते. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन या संशोधकाने काही वनखंडांतील सर्व बांडगुळे काढून टाकविली आणि तीन वर्षांनंतर पक्ष्यांची मोजदाद केली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणे त्या वनखंडांतील पक्ष्यांच्या सुमारे एक पंचमांश जाती घटल्या. फळबागेतील बांडगूळ काढलेच पाहिजे. फळे धरण्यापूर्वी, जोडाच्या वीतभर खालून फांदी कापून काढले तर ते पुन्हा फुटत नाही. नुसता झुबका ओरबाडून उपयोग नसतो. रानातले बांडगूळ मात्र रानाच्या हिशेबात सोडून देणे शहाणपणाचे. कुणाला बांडगूळ म्हणून हिणविताना हळदीकुंकवाचे फुलपाखरू डोळ्यांपुढे आले तर शब्दाची धार थोडी बोथट होईल खरी.

अमरवेलीविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण ती सर्वांनी पाहिलेली असते. कुंपणावर टाकलेल्या पिवळ्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखी ही वेल जन्मतः मातीत असते, पण आश्रय सापडताच जमिनीशी असलेला संबंध तोडते. 2006 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात (पेन स्टेट) असे दाखविण्यात आले की, तिचे कोवळे रोप टोमॅटोच्या वासाच्या रोखाने वाढते. त्याला नाक नसले तरी वासाची पारख आहे. लसूणघास व कारळे यांच्या बियांत तिचे बी मिसळून जाते. याच भयास्तव भारतातून अमेरिकेत पाखरांच्या खाद्यासाठी जाणारे कारळे तापवून, रुजण्याची शक्ती मारूनच आत घेतले जाते.

तथापि जनवाड्याच्या शिवारात खरा घात करणारा या सर्वांत दिसावयास सर्वांत साजूक आहे. टारफुला हे त्याचे नाव. वीत-दीड वीत उंचीचे, खरबरीत पानांचे, नाजूक फुलांचे हे झुडूप पावसाळी जोंधळ्यात उगवते. आपल्याकडे त्याची फुले बहुधा पांढरी असतात. अनोळखी माणसाला ते तोडून पाण्यात ठेवावेसे वाटेल. पण ज्याने जोंधळा पेरला आहे त्याला ते फूल पाहून चर्र होते, कारण फूल दिसले याचा अर्थ नुकसान आधीच होऊन चुकले आहे. रोप जमिनीवर येण्यापूर्वी महिना-दीड महिना मातीखाली जोंधळ्याच्या मुळावर जगलेले असते. ओल असूनही ताटे दुपारी माना टाकतात, वाढ खुंटते, कणीस नीट निसवत नाही. जेवढे चोरीस जाते त्याच्या कितीतरी पट घराची पडझड होते, कारण हा चोर आश्रयाची अन्न तयार करण्याची शक्तीच क्षीण करतो. यामुळेच इंग्रजांनी त्याला चेटकिणीचे तण असे नाव दिले.

त्याचे बी इतके बारीक असते की, एका ग्रॅमात दोन लाखांहून अधिक भरते. एक झाड हजारोंनी बी टाकते, आणि ते दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक, मातीत जिवंत पडून राहते. इतक्या लहान बियात शिदोरी ती किती असणार? रुजल्यावर चार-सहा दिवसांत जोंधळ्याचे मूळ सापडले नाही तर अंकुर मरतो. म्हणून ते वाटेल तेव्हा रुजत नाही. ओल व ऊब मिळाल्यावरही ते स्वस्थ राहते, आणि आपल्यापासून चार-दोन मिलिमीटरांच्या आत जोंधळ्याचे मूळ आले आहे असा निरोप पोचल्यावरच उठते. हा निरोप म्हणजे मुळातून झिरपणारे एक द्रव्य. अत्यल्प अशा त्या द्रव्याचा पहिला नमुना शास्त्रज्ञांनी 1966 साली वेगळा केला, आणि तो जोंधळ्याच्या नव्हे तर कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला जगू शकत नाही, तरीही कापूस त्याला हाक मारतो, हे कोडेच होते.

पुढील चाळीस वर्षे दुसरा एक प्रश्न अनुत्तरित राहिला. आपल्या वैऱ्याला जागे करणारे द्रव्य झाडाने मातीत सोडावेच कशाला? 2005 साली जपानी संशोधकांनी त्याचा उलगडा केला. ती हाक टारफुल्यासाठी नव्हतीच. जमिनीत स्फुरद कमी पडले की झाड आपल्या मुळांतून हे द्रव्य अधिक सोडते, ते मातीतील उपकारक बुरशींना बोलावण्यासाठी. बुरशीचे तंतू मुळाशी येऊन जडतात, दूरचे स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात साखर घेतात. वनस्पती जमिनीवर आल्या तेव्हापासून चालत आलेला हा करार आहे. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. 2008 साली असेही सिद्ध झाले की, हेच द्रव्य झाडाच्या अंगात फांद्या किती फुटाव्यात याचे नियमन करते. तेव्हा ते तयार करणे सर्वस्वी बंद करणे झाडाला परवडणारे नाही.

या शोधातील बोचणारा भाग हा की, जमीन जितकी भुकेली तितकी मुळांची हाक मोठी, आणि हाक जितकी मोठी तितका टारफुला अधिक. ज्याच्या हलक्या बरड जमिनीला वर्षानुवर्षे शेणखत मिळालेले नाही, ज्याला दुसरे पीक परवडत नाही म्हणून जोंधळ्यावर जोंधळा घ्यावा लागतो, त्याच्याच शेतात तो ठाण मांडतो. आफ्रिकेत या वर्गातील तणांनी जोंधळा, बाजरी व मका यांवर जगणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या तोंडचा घास हिरावला आहे.

अमेरिकेत टारफुला 1956 साली कॅरोलिना प्रांतांतील मक्याच्या शेतांत सापडला. मक्याला कोणता रोग झाला आहे हे तेथील जाणत्यांना उमगेना. भारतातून तेथे शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याने ते तण ओळखले. त्या देशाने लगेच नाकेबंदी केली, सव्वाचार लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर मोहीम चालविली, आणि इथिलीन, म्हणजे ज्या वायूने केळी पिकविली जातात तोच, जमिनीत सोडून बियांना फसवून रुजविले. मूळ नाही, अंकुर मेला. अशी मोहीम पंचवीस कोटी डॉलर खर्चून श्रीमंत राष्ट्राने करावी. जनवाड्याच्या शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. त्याच्या उपयोगाची गोष्ट त्याच तत्त्वाची, पण स्वस्त आहे. कापूस, भुईमूग, चवळी, सूर्यफूल यांची मुळे टारफुल्याला हाक देतात आणि आश्रय देत नाहीत. जोंधळ्याला चांगला बेवड कशाचा, हे जुनी माणसे अनुभवाने सांगत. जोंधळ्यात मधून मधून कडधान्याचे तास धरण्याची या भागाची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. रसायनशास्त्राने त्या रीतीला आणखी एक कारण पुरविले. केनियात याच धर्तीवर मक्यात डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावून टारफुल्याच्या भावंडांना मोठ्या प्रमाणात आवर घालण्यात आला आहे.

वाणांच्या बाबतीतही प्रयत्न झाले. बीदरहून हैदराबादकडे जाताना वाटेत पाटणचेरू येथे 1972 साली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे टारफुल्याला दाद न देणाऱ्या जोंधळ्याचे वाण पारखून काढण्यात आले. एन-13 हा भारतीय जोंधळा आता जगभरच्या प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहे: त्याच्या मुळाच्या आतील पेशींच्या भिंती जाड होतात आणि टारफुल्याची पाचर अर्ध्यावर अडते. दुसरे काही वाण हाकच बदलतात. त्यांच्या मुळांतील द्रव्याची घडण किंचित वेगळी असते, त्यामुळे बुरशी येते पण टारफुला पडून राहतो. यामागील जनुक 2017 साली निश्चित झाले. मूळचे इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांना या कामाबद्दल 2009 चे जागतिक अन्न पारितोषिक देण्यात आले.

दरम्यान बीदर जिल्ह्यातील खरिपाचे चित्र पालटून गेले आहे. पुष्कळ रानांतून पावसाळी जोंधळा गेला आणि सोयाबीन आले. एका परीने टारफुल्याची उपासमार झाली. पण ताटातली भाकरी व दावणीचा कडबा विकत घ्यावा लागू लागला, हेही खरे. शिवाय ऊसही टारफुल्याला चालतो; उत्तर कर्नाटकातील उसाच्या फडांत त्याने डोके वर काढले आहे, आणि ऊस काही एका हंगामात निघून जाणारे पीक नव्हे. भाव पाहून कुणी पुन्हा पावसाळी जोंधळ्याकडे वळला तर दहा वर्षांपूर्वीचे बी मातीत वाट पाहत असण्याचा संभव आहे.

अशा वेळी कोळप्याने भागत नाही, कारण कोळपणी संपते तेव्हा टारफुला जमिनीखालीच असतो. तो वर येताच, फुलण्यापूर्वी, हाताने उपटावा लागतो. एकदा नव्हे, पंधरवड्याच्या अंतराने दोन-तीनदा, आणि जोंधळा कापून झाल्यावरही एकदा, कारण मागाहून उगवलेली रोपे सड्यांत उभी राहून बी टाकतात. एकाने उपटून शेजाऱ्याने तसाच ठेवला तर वाऱ्याने व पावसाच्या लोटाने बी परत येते. म्हणून हे काम बांधाला बांध लागून असलेल्या सर्वांनी एकाच वेळी करावयाचे असते. फुले आलेली झाडे उपटून बांधावर टाकली तर हिरव्या बोंडांतले बी तेथेही पिकते. गुरांना घातली तर ते शेणातून उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून पुन्हा रानात येऊ शकते. ती गोळा करून, शेताबाहेर खड्डा करून, तेथेच जाळावी लागतात.